मागच्या अंगणाचं सरकतं दार

दार म्हणजे भिंतीत ठेवलेलं भोक आणि त्याला लावलेलं झाकण. यापलीकडे त्यात डोकं घालण्यासारखं काही असेल, असं मला आई होईपर्यंत वाटलं नव्हतं. आता मला झोपेतून उठवून विचारा. टफन काच फुटली तर तिचे साबुदाण्याएवढे दाणे होतात, लॅमिनेटेड काच फुटली तरी जागची हलत नाही, आणि दुहेरी काचेच्या मधल्या पोकळीत हवा नसून आर्गॉन वायू असतो, हे सगळं मी घडाघडा सांगेन. रसायनशास्त्राची पदवी घेताना मी वायूंचा इतका मनापासून अभ्यास केला नव्हता.

सुरुवात माझ्या चपलेपासून झाली. एका सकाळी मी तादेओसाठी अंडं फोडायला शेगडीकडे वळले. परत वळून बघते तर त्याची खुर्ची रिकामी आणि मागच्या अंगणाचं लोखंडी दार उघडं. आमच्या अंगणात धुण्याचा दगड आहे आणि त्याला लागून सिमेंटची टाकी, कारण आमच्या पाचुका शहरात नळाचं पाणी स्वतःच्या मर्जीने येतं आणि आलं की साठवून ठेवावं लागतं. तीन वर्षांचा होत आलेला माझा मुलगा उपड्या बादलीवर उभा राहून कंबरेपर्यंत त्या टाकीत वाकला होता आणि माझी चप्पल पाण्यात सोडत होता.

"आई, बोट," तो म्हणाला.

मी त्याला उचलला तो अंडं जळून घरभर धूर होईपर्यंत खाली ठेवलाच नाही.

संध्याकाळी एफ्राइन घरी आला. माझा नवरा शाळेत भूमिती शिकवतो, त्यामुळे प्रत्येक संकट हे त्याला शेवटच्या पानावर उत्तर असलेलं उदाहरण वाटतं.

"दाराला वर एक कडी मारू. सुटला प्रश्न."

"त्या दाराला कडी? त्याचा गंज काढला तर दारच निघून जाईल."

"मग नवीन दार घेऊ," तो म्हणाला आणि वह्या तपासायला बसला. ही चार शब्दांची सूचना त्याने पुढे कितीदा परत मागितली असेल!

नवीन दार कसं हवं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुलाला उघडता येता कामा नये. स्वयंपाकघरातून टाकी दिसली पाहिजे, म्हणजे काचेचं हवं. आणि सरकतं हवं, कारण पाचुकाचा वारा. हा वारा बिजागरीच्या दाराला एकदा धरून आपटायला लागला की मधे कोणाची बोटं आहेत याची चौकशी करत नाही. एवढ्या तीन साध्या अटी घेऊन मी बाजारात उतरले आणि पहिल्याच दुकानात माझा सगळा आत्मविश्वास गळून पडला. दोन झडपांचं की तीन झडपांचं? उजवीकडे सरकणारं की डावीकडे? मी विचारलं, "काच फुटली तर मूल कापलं जाईल का?" मी विचारलं, "बोट सापडलं तर?" मी विचारलं, "त्याने पळत येऊन डोकं आपटलं तर?" काउंटरमागची मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्हाला दार हवंय की दवाखाना?"

शेजारपाजाऱ्यांना बातमी लागली ती अर्थातच सासूबाईंकडून. माझ्या सासूबाई, दोन्या ओब्दुलिया, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. म्हणजे आमच्याकडेच राहतात.

"पोरी, काचेचं दार म्हणजे दुकान," त्या म्हणाल्या. "लोक आत येऊन कांद्याचा भाव विचारतील."

"सासूबाई, मागच्या अंगणात कोण येतंय?"

"तेच म्हणते मी. कोणी येत नाही तिथे एवढी काच कशाला? आणि या पोराला दुपारी झोप लागणार कशी? मागे गॅसवाला भोंगा वाजवत जातो, कुत्री ओरडतात."

हे मात्र मला पटलं. म्हणून दुहेरी काच ठरली. आवाज आत येणार नाही अशी.

मग शेजारचे इंजिनियर पालाफोक्स आले. ते चांदीच्या खाणीतून निवृत्त झाले, पण आमच्याकडे नोकरी संपली तरी माणसातला इंजिनियर संपत नाही. त्यांची सख्खी बहीणसुद्धा त्यांना इंजिनियर म्हणूनच हाक मारते.

"सूनबाई, सरकतं दार चोर कसं उघडतो, माहीत आहे?"

"नाही, इंजिनियर."

"उघडतच नाही. उचलतो. रुळावरून अल्लद उचलून बाजूला ठेवतो, तुमचा टीव्ही घेतो आणि घराणं चांगलं असलं तर जाताना दार परत बसवून जातो."

"मग काय करायचं?"

"तळाशी एक खिट्टी. पायाने दाबली की जमिनीतल्या भोकात जाऊन बसते. मग उचल म्हणावं."

म्हणून तळाची खिट्टी ठरली. तादेओला ती वर ओढता आली असती, हे मला दिसत होतंच. मी काही वेडी नाही. पण त्यासाठी वर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, आणखी एक कडी होती. त्याने खालची काढली तरी वरची त्याला बाहेर जाऊ देणार नव्हती. आणि दगड मारला तरी काच पडू नये म्हणून ती लॅमिनेटेड. आणि बोट सापडू नये म्हणून शेवटची वीतभर दार आपोआप हळू होईल असे रूळ. एका करंगळीने सरकतील इतके मऊ. तो बाहेर जाण्याच्या जेवढ्या म्हणून वाटा होत्या, त्या सगळ्या मी एकेक करून बुजवल्या. त्या रात्री मला महिन्यात पहिल्यांदा झोप लागली.

आमची घरं एका बंद गल्लीत आहेत आणि बंद गल्लीला समिती असते. समितीच्या अध्यक्षा वकीलबाई सोराइदा. त्यांनी आयुष्यात एकही खटला चालवला नसला तरी आमच्या गल्लीतला एकही नियम सोडलेला नाही.

"दार बदलायला माझी हरकत नाही, रेबेका. रंग चॉकलेटी असला म्हणजे झालं. नियम अकरा."

मी दुकानातून तीन नमुने आणले. तिन्ही चॉकलेटी. वकीलबाईंनी ते उन्हात धरले, सावलीत धरले.

"हे दुधातलं चॉकलेट झालं. नियमात पाण्यातलं अपेक्षित आहे."

"नियमात तसं लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? ज्यांनी नियम केला ते पाण्यातलंच पीत होते."

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मतदान झालं. दूधवाले आणि पाणीवाले असे दोन तट पडले, जुनी भांडणं वर आली, कोणाच्या कुत्र्याने कोणाची कुंडी पाडली तिथपर्यंत गाडी गेली. शेवटी वकीलबाई स्वतः आल्या, आमच्या अंगणात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला न आवडणारा आनंद पसरला.

"केवढी जागा आहे गं तुझ्याकडे! एवढं मोठं दार होणार, मागचं फाटक बागेत उघडतंय. यात्रेकरू बाहेर, घरवाले आत, मधे काच. यंदाची पोसादा इथेच. मग रंगाचं बघता येईल."

नाताळाआधीच्या या संध्याकाळी प्रत्येक गल्लीत पोसादा होते आणि ती सगळ्यांना हवी असते, फक्त आपल्या घरी नको असते. अर्धे लोक मरिया-योसेफच्या मूर्ती घेऊन बाहेर उभे राहतात आणि गाण्यातून रात्रीपुरती जागा मागतात. उरलेले आत उभे राहून गाण्यातूनच नाही म्हणतात. असं बराच वेळ चालतं. शेवटी बाहेरचे आपण कोण ते सांगतात, मग दार उघडतं आणि सगळे जेवणावर तुटून पडतात. गल्लीतली चाळीस माणसं माझ्या नव्या काचेला हात लावणार होती. पण दुधातलं चॉकलेट मंजूर झालं.

दार बसवायला वुल्फ्रानो मिस्त्री ठरले. हसरा, गोड बोलणारा माणूस. त्यांनी एका सकाळी येऊन जुनं दार काढलं, भिंत दोन्ही बाजूंनी फोडली, "चौकट घेऊन आलोच" म्हणाले आणि गेले. डिसेंबर उजाडला होता. बारा तारखेला ग्वादालुपेच्या मातेचा सण. त्यानंतर थेट जानेवारीत तीन राजांचा सण होऊन जाईपर्यंत आमच्याकडे कोणी खिळासुद्धा ठोकत नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला मात्र वायूंच्या नादात आठवलं नाही.

त्या भगदाडावर एफ्राइनने कुठूनतरी निवडणुकीच्या प्रचाराचं एक मेणकापड आणून बांधलं. त्यावर पडलेल्या उमेदवाराचा भिंतीएवढा हसरा चेहरा होता. वारा आला की त्याचे गाल फुगायचे. मी सोफा त्याच्यासमोर आडवा लावला, सोफ्यासमोर टेबल, टेबलासमोर मी. तादेओ रोज सकाळी उठला की त्याला म्हणायचा, "नमस्कार, काका." सासूबाई त्याच्याकडे पाठ करून बसायच्या, त्यांनी त्याला मत दिलं नव्हतं.

"मिस्त्री, माझं मूल आहे घरात!" मी फोनवर रडकुंडीला यायची.

"बाई, काळजीच करू नका. मलाही चार आहेत."

शेवटी ग्वादालुपेच्या सणाच्या आदल्या दिवशी दार लागलं. आणि काय सांगू, सुरेख होतं. करंगळीने सरकायचं, शेवटी दम खाऊन हळूच मिटायचं, आणि मिटलं की पाचुकाचा वारा, गॅसवाला, कुत्री, सगळे एकदम मुके. मी वरची कडी लावली, खालची खिट्टी दाबली. तादेओने काचेला नाक लावून टाकीकडे पाहिलं, मग खिट्टीकडे पाहिलं. मी सुखाने डोळे मिटले.

पोसादेच्या संध्याकाळी अंगण आणि मागची बाग माणसांनी भरून गेली. मिस्त्रीही सहकुटुंब आले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला दार दाखवत होते. टाकीवर मी फळ्या ठेवल्या होत्या, फळ्यांवर दगड, दगडांवर कुंड्या. शेगडीवर पोंचेचं पातेलं उकळत होतं: पेरू, ऊस, दालचिनी, गूळ, गल्लीला पुरेल एवढं. आतल्या बाजूला घरवाले म्हणून सासूबाई, इंजिनियर, मी आणि तादेओ. मी पातेल्याच्या आणि तादेओच्या मधे पाय रोवून उभी होते. दार मिटलं. बाहेर मेणबत्त्या पेटल्या, एफ्राइनने मूर्तींचं तबक धरलं, वकीलबाईंनी हात वर केला आणि चाळीस तोंडं उघडली.

आम्हाला काहीही ऐकू आलं नाही.

बाजारातली सगळ्यात चांगली दुहेरी काच होती ती. बाहेर लोक जीव तोडून आसरा मागत होते आणि आत फक्त पोंचे रटरटत होता.

"झालं का त्यांचं?" सासूबाईंनी विचारलं.

"तोंडं हलताहेत अजून."

"आपण म्हणू या का?"

आम्ही म्हटलं. त्यांनाही ऐकू आलं नाही. मग दोन्ही बाजूंनी एकदमच गायला सुरुवात झाली. वकीलबाई काचेला तोंड लावून काहीतरी ओरडू लागल्या. काचेवर वाफ धरली. मी दार हातभर सरकवलं तर वारा आत घुसला आणि बाहेरच्या सगळ्या मेणबत्त्या विझल्या.

"कितवं कडवं चाललंय, बघून येते," म्हणत सासूबाई बाहेर गेल्या.

"असं नाही जमायचं, कोणीतरी हाताने ताल दिला पाहिजे," म्हणत इंजिनियर बाहेर गेले.

"रेबेका, काडेपेटी!" एफ्राइन ओरडला.

मी काडेपेटी घेऊन एक पाय बाहेर टाकला. फक्त एक. पण वाऱ्यात काडी पेटेना, म्हणून आडोशाला दुसराही टाकला. पाठीमागे काहीतरी हळूच, दम खात मिटलं. मी वळले. तादेओने दार लावलं होतं, आणि त्याचा छोटा बूट खिट्टीवर होता.

खट्.

तो आवाज मला ऐकू आला नाही, दिसला.

"तादेओ, उघड," मी म्हणाले. मग ओरडले. मग काचेवर दोन्ही तळहात मारले. तो गंभीरपणे माझ्याकडे बघत होता. त्याच्यामागे, ओट्यावर, पोंचेच्या पातेल्यातून वाफ उठत होती.

एफ्राइन तबक सासूबाईंच्या हातात देऊन पुढच्या दाराकडे धावला आणि धावतच परत आला. "किल्ली आतच!" खिडक्यांना गज होते. ते मीच मुलासाठी बसवून घेतले होते.

"काच फोडा!" मी म्हणाले.

"फुटेल, पण पडणार नाही," इंजिनियर म्हणाले. "लॅमिनेटेड आहे. फार उत्तम निवड होती तुमची."

"मग दार उचला रुळावरून!"

वुल्फ्रानो मिस्त्री पुढे झाले. त्यांनी दाराला खांदा लावून पाहिला, आणि त्यांचा चेहरा अभिमानाने उजळला. "हलतसुद्धा नाही, बाई! चोराच्या बापाला नाही जमायचं."

"मिस्त्री, आत माझं मूल आहे, शेगडी चालू आहे!"

"गॅस बाहेरून बंद करता येतो का?" वकीलबाईंनी विचारलं. एफ्राइन सिलिंडरकडे पळाला. ज्योत विझली असावी, पण उकळतं पातेलं काही लगेच गार होत नाही. मी काचेतून हात जोडले, खालच्या खिट्टीकडे बोट दाखवलं, वर ओढायची खूण केली. तादेओने मान हलवली. नाही. मग तर्जनी उभी करून हलवली. नाही, नाही. आणि त्याचे ओठ एका लयीत हलायला लागले.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "तो घरवाला झालाय. बालवाडीत शिकवलंय ना त्यांना. पोरी, आपण कोण ते अजून सांगितलंच कुठे त्याला? तो कसा उघडेल?"

"सासूबाई, ही खेळायची वेळ आहे का?"

"त्याची आहे. गा!"

मग आम्ही गायलो. पहिलं कडवं सगळ्यांना येत होतं. दुसरं अर्ध्यांना. तिसरं कोणालाच नाही. दरवर्षी सगळे त्या ठिकाणी खोकतात, हे मला त्या दिवशी कळलं. आमचं प्रत्येक कडवं संपलं की आत तादेओचं तोंड हलायचं आणि बोट हलायचं. माझाच मुलगा मला एका कडव्यामागून एक घरात घ्यायला नकार देत होता, आणि मी माझ्या बेसूर आवाजात त्याची मनधरणी करत होते. "मोठ्याने!" मी मागे वळून ओरडले. "हातवारे करा!" चाळीस माणसं थंडी वाजत असल्याच्या खुणा करू लागली. बऱ्याच जणांना खरोखरच वाजत होती.

आणि तादेओ काचेपासून वळला आणि आत निघून गेला.

स्वयंपाकघराच्या दिशेने. सोफ्यापलीकडे त्याचं डोकं दिसलं, मग तेही दिसेना. मी गाते आहे की किंचाळते आहे, माझं मलाच कळत नव्हतं. मनातल्या मनात मी ते पातेलं उलटताना पाहिलं, तेही पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या बाजूंनी. वकीलबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. त्यांची नखं रुतली होती आणि मला बरं वाटत होतं. कोणी थांबलं नाही. शेवटचं कडवं आलं, ज्यात बाहेरचे आपली ओळख सांगतात. सासूबाईंनी मूर्तींचं तबक डोक्याच्या वर उचलून काचेसमोर धरलं.

सोफ्यामागून तादेओ परत आला. त्याच्या हातात त्याची झोपायची गोधडी होती. ती त्याने दारासमोर पसरली, कोपरे सरळ केले, पाहुण्यांना निजायला. मग खाली बसून दोन्ही हातांनी खिट्टी ओढायला लागला. ती वर येईना. आम्ही शेवटचं कडवं पुन्हा गायलो. ती अर्धी आली आणि परत खाली गेली. आम्ही पुन्हा गायलो. मिस्त्री काचेबाहेर उकिडवे बसून, "तिरकी नको, बाळा, सरळ वर, सरळ," असं त्याला ऐकू न येणारं मार्गदर्शन करत होते. त्याचे गाल लाल झाले, जीभ बाहेर आली. आणि खिट्टी निघाली.

त्याने करंगळीने दार सरकवलं.

मी झेप घेणार, तोच वकीलबाईंनी माझा दंड मागे ओढला. आधी मरिया आणि योसेफ! सासूबाई तबक सांभाळत, गोधडीला वळसा घालून, एकेक पाऊल टाकत आत निघाल्या, आणि पवित्र कुटुंबाला ढकलून पुढे जायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मग वयोवृद्ध म्हणून इंजिनियर. मग मुलं. तादेओ दाराशी उभा राहून प्रत्येकाचा हात हातात घेऊन हलवत होता.

माझी पाळी आली तेव्हा मी दारातच बसकण मारली आणि त्याचे हात, पाय, पोट, सगळं चाचपलं. कुठे काही नव्हतं. दालचिनीचा वास तेवढा येत होता.

त्याने माझं बोट धरलं आणि मला सोफ्यापाशी नेलं.

"इथे बस," तो म्हणाला. मग ओट्याकडे हात करून, डोळे मोठे करून म्हणाला, "तिकडे गरम आहे. जायचं नाही. मी जात नाही."

मी बसले. लोक आत येत होते, काच बोटांच्या ठशांनी बरबटली होती, दार सताड उघडं होतं आणि पाचुकाचा वारा घरभर फिरत होता. उठून ते लावावं असं फार वाटत होतं. पण त्याने जायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तो माझ्याकडे लक्ष ठेवून होता.